रुपराव सरांची सही

“तुम्ही पण खेळायचे का, सर?”

नागपूरच्या धंतोलीतल्या हाडांच्या दवाखान्यात काउंटरवरच्या मुलीनं हे इतक्या गोड आवाजात विचारलं की धम्मदीप मेश्रामला तिच्यावर धड रागावताही येईना. तिनं आधी नाव विचारलं होतं, मग वय, आणि त्यानं पंचेचाळीस सांगितल्यावर कंप्युटरवरून मान वर करून त्याच्या छातीकडे पाहिलं होतं. छातीवर टी-शर्ट होता, टी-शर्टवर ‘उदय स्पोर्टिंग, सक्करदरा’ असं लिहिलेलं. “अय्या! प्रशिक गजभिये खेळते ते टीम ना? माझा भाऊ दिवसभर त्याचेच व्हिडिओ पाहून राहते. तुम्ही त्याचे कोच?” मॅनेजर, असं धम्मदीप म्हणाला. आणि मग तो प्रश्न. आता बोला! ज्या माणसाच्या नावानं कामठीपासून अजनीपर्यंतचे गोलकीपर बिचकायचे, ज्याच्या गुडघ्याची वाटी खेळण्यापायीच झिजली आणि त्या झिजलेल्या वाटीचा एक्स-रे घेऊनच जो तिच्यापुढे उभा होता, त्याला ही पोर विचारत होती. “थोडंफार,” तो म्हणाला. म्हणाला आणि स्वतःच्याच तोंडात मारून घ्यावीशी वाटली त्याला. थोडंफार! एका सीझनला एकतीस गोल म्हणजे थोडंफार? पण ती तोवर पुढच्या पेशंटचं नाव लिहायला लागलीही होती.

तो बाकावर जाऊन बसला. डाव्या बाजूला यवतमाळकडची एक म्हातारी पाय लांब करून बसलेली, उजवीकडे हात गळ्यात अडकवलेला एक पोलीस. नंबर यायला तास तरी लागणार होता. खिशातला फोन मांडीला जाणवत होता, सोमवारपासून जाणवत होता. सोमवारी दुपारी गोव्याच्या एका क्लबचा मेसेज आला होता त्यावर. तुमचा प्रशिक गजभिये आम्ही पाहिला, दोन महिने इथे ठेवून बघणार आहोत, पसंत पडला तर करार करू, तुमच्या क्लबचा ना-हरकत दाखला मॅनेजरच्या सही-शिक्क्यानिशी शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत पाठवा, त्यानंतर जागा दुसऱ्या मुलाला देऊ. सरळ मेसेज होता, त्यात न कळण्यासारखं काही नव्हतं. आज शुक्रवार होता. क्लबचं लेटरहेड बॅगेत होतं, शिक्का बॅगेत होता, दाखला मंगळवारीच टाइप करून झाला होता. सही तेवढी नव्हती. आणि प्रशिकला यातलं काहीच माहीत नव्हतं. त्याला एवढंच ठाऊक होतं की गोव्याहून कोणी माणूस येऊन त्याची मॅच पाहून गेला. तेव्हापासून तो रोज प्रॅक्टिस संपली की बूट सोडता सोडता विचारायचा, “काही आलं का, सर?” आणि धम्मदीप म्हणायचा, “आलं की सांगतो ना गा.”

चार दिवस त्यानं स्वतःला कारणं पुरवली. रविवारी सेमीफायनल आहे, पोरगा गेला तर टीम झोपेल. त्याचा डावा पाय अजून कच्चा आहे, वर्षभर आपल्या हाताखाली राहिला तर घडेल. गोव्यात दोन महिने बेंचवर बसवतील आणि परत धाडतील, मग पोराचं मन मोडेल. सगळी कारणं बरी होती, कमिटीपुढे मांडली असती तर पटलीही असती. पण प्रेमलता, त्याची बायको, ती कमिटी नव्हती. मागच्या रविवारी ती मॅचला आली होती आणि घरी जाताना स्कूटरवर मागून म्हणाली होती, “एक विचारू? बाकीच्यांनी गोल मारला तं तुम्ही कसे धडाधड टाळ्या वाजवता. प्रशिकनं मारला की तुमच्या टाळीले आवाजच नाही येत.” त्यानं हॉर्न वाजवला, समोर कुत्रंही नव्हतं. जळत होता तो. दुसरा शब्द नाही त्याला. वीस वर्षांच्या पोरावर, ज्याला तो बाराव्या वर्षापासून शिकवत आला होता, ज्याला पहिले बूट त्यानंच आणून दिले होते, त्याच्यावर तो जळत होता, आणि हे असं पोटात घेऊन रोज शिट्टी वाजवत मैदानावर उभा राहत होता.

कशाकशावर जळावं माणसानं! प्रशिक टीमच्या गाडीत बसल्या बसल्या झोपायचा, त्या झोपेवर. धम्मदीपला मॅचच्या आदल्या दिवशी अन्न जायचं नाही. प्रशिक गोल मारून नुसता मोजे वर ओढत परत यायचा, भाजी घेऊन घरी निघाल्यासारखा, त्या चालीवर. धम्मदीप प्रत्येक गोलनंतर हात पसरून अख्खी टचलाइन पळायचा, कोणी पाहिलं नाही असं व्हायला नको म्हणून. आणि सगळ्यात वाईट म्हणजे ती गोलच्या जवळच्या खांबावरची धाव. विंगरनं कडेवरून क्रॉस टाकला की डिफेंडरच्या पुढून जवळच्या खांबाकडे सूर मारल्यासारखं पळायचं आणि बॉलला नुसतं वळवायचं, हा धम्मदीपचा हुकमी डाव. त्यानंच तो प्रशिकला शिकवला, शंभर वेळा करून घेतला. पावसाळ्यानंतरच्या पहिल्या मॅचमध्ये पोरानं तो केला, पण अर्धं पाऊल उशिरा निघून. चुकला, असं धम्मदीप मनात म्हणाला आणि त्याच क्षणी बॉल जाळीत होता. घरी येऊन त्यानं तो व्हिडिओ पुन्हा पाहिला, पुन्हा पाहिला, मग त्याला कळलं. ते अर्धं पाऊलच बरोबर होतं. डिफेंडरचा तोल जाईपर्यंत थांबायचं होतं. बारा वर्षं धम्मदीप स्वतः अर्धं पाऊल आधी निघत आला होता, आणि त्या अर्ध्या पावलापायी किती गोल बाहेर गेले होते कोण जाणे. हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. त्या पोरालाही कोणी शिकवलं नव्हतं. मग ते त्याच्या पायात आलं कुठून? त्या दिवशी प्रेमलतानं दोनदा जेवायला बोलावलं, तो उठला नाही.

तरी एक गोष्ट होती त्याच्याकडे, जी प्रशिककडे नव्हती. त्याच्याकडे हुकलेलं नशीब होतं. नागपूरच्या फुटबॉलमध्ये ती कहाणी सगळ्यांना पाठ होती. पानठेल्यावर, सत्कारात, कोणाच्या लग्नाच्या पंगतीत, कुठेही धम्मदीप दिसला की कोणीतरी नव्या माणसाला सांगायचाच: हा कलकत्त्याला गेला असता तर आज कुठे असता! दोन हजार दोन साली तिथल्या मोठ्या क्लबचं पत्र आलं होतं याला, पण मॅनेजर रुपराव सरांनी सही दिली नाही. टीम तुटेल म्हणून पोराचं आयुष्य खाल्लं म्हाताऱ्यानं. मग ऐकणारा चक् चक् करायचा, धम्मदीप खाली पाहून हसायचा, आणि कोणीतरी चहा सांगायचा. पुढे खेळाडूंच्या कोट्यातून त्याला सरकारी कारकुनी लागली, लग्न झालं, गुडघा गेला, पण ती कहाणी काही म्हातारी झाली नाही. पाच वर्षांपूर्वी कमिटीनं रुपराव सरांना बाजूला करून धम्मदीपला मॅनेजर केलं, तेव्हाही मीटिंगमध्ये कोणीतरी तीच काढली होती. आता तरी या पोराला न्याय मिळू द्या, असं म्हणाला होता तो. रुपराव सर समोरच बसले होते. त्यांनी चाव्या टेबलावर ठेवल्या आणि बॉल किती आहेत, त्यातले किती हवा धरत नाहीत, तेवढं सांगून ते गेले.

आणि ती कहाणी खोटी होती. सही रुपराव सरांनी केली होती. पत्र आलं त्याच संध्याकाळी केली होती, सायकलच्या सीटवर कागद ठेवून. फक्त म्हणाले होते, “कोणाले सांगू नको. जमलं की सांगू.” क्लबात तशी रीतच होती. सीझन चालू असताना पोरगा बाहेर पाठवायचा तर कमिटी आडवी येते, म्हणून मॅनेजर गुपचूप सही देतो आणि पोरगा मामाकडे चाललो म्हणून घरून निघतो. धम्मदीपही भंडाऱ्याला मामाकडे म्हणून निघाला आणि हावड्याच्या गाडीत बसला. तिथे साठेक पोरं होती. छातीला कागदाचा नंबर लावला होता, त्याचा एकोणचाळीस. वाईट कोणीच वागलं नाही. भात होता, मासे होते, पलंग होता. खेळला तर फारच छान, हेच तर त्याला आजवर कोणाला सांगता आलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी तिथला कोच म्हणाला, “उनतालीस, तुम रुको. हफ्ताभर और देखेंगे.” बाकीची पोरं हेव्यानं बघत होती. आणि धम्मदीप पळाला. नागपूरला त्याच्याकडे बॉल आला की चारी बाजूंनी “धम्माऽ धम्माऽ” व्हायचं. तिथे बॉल यायचा आणि कोणी काही बोलायचंच नाही. त्या गप्प मैदानात बॉल पायाशी घेऊन उभं राहायची इतकी भीती त्याला वाटली की रात्रीच बॅग भरून बसला तो. चौथ्या दिवशी पहाटे जनरलच्या डब्यात शौचालयाच्या दाराशी उकिडवा बसून नागपूरला परत. दुसऱ्या दिवशी मैदानावर कोणीतरी विचारलं, “लेटर आलतं म्हणे, काहून नाही गेला बे?” दहा पावलांवर रुपराव सर चुन्यानं पेनल्टी बॉक्सची रेघ आखत होते. आणि धम्मदीपच्या तोंडून निघालं, “सरांनी सही नाही देल्ली.” सर क्षणभर थांबले. मग त्यांनी रेघ पुरी केली.

“मेश्राम, धम्मदीप!” काउंटरवरून हाक आली. त्यानं ऐकली, उठला, आणि डॉक्टरच्या खोलीकडे न जाता सरळ जिना उतरून रस्त्यावर आला. समोरच्याच दवाखान्यात रुपराव सर होते. बाथरूममध्ये पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं होतं, आठ दिवस झाले होते, सगळी जुनी टीम येऊन गेली होती, तो तेवढा गेला नव्हता. आज तरी कशाला निघाला होता ते त्याला सांगता आलं नसतं. माफी मागायला नक्कीच नाही. खरं तर त्याला विचारायचं होतं की सही देताना तुम्हाला काही झालं नाही का. दोन अँब्युलन्सच्या मधून वाट काढत त्यानं रस्ता ओलांडला.

दुसऱ्या मजल्यावर दाराशीच अंजनाबाई, सरांची बायको, स्टुलावर बसून औषधांच्या चिठ्ठ्या लावत होत्या. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “आला का? आठ दिवस झाले. मी म्हटलं, आता मातीलेच येते काय हा.” धम्मदीपनं चपला दाराशी काढल्या. “तेवीस वर्षं झाले,” त्या म्हणाल्या, “जिथं जावं तिथं लोक मले सांगतात, बाई, तुमच्या मालकानं त्या पोराचं वाटोळं केलं. मी यांले हजारदा विचारलं, काहून केलं जी असं? कबूल पण नाही करत आणि नाही पण नाही म्हणत. बस आता तू इथं, मी गोळ्या घेऊन येते तवर. का तेही जमत नाही?” आणि पायऱ्या उतरायला लागल्या. धम्मदीपच्या कानशिलात गरम झालं. घरच्या बाईलाही सांगितलं नव्हतं म्हाताऱ्यानं.

सर केवढेसे झाले होते. एका पायाला वजन लटकवलेलं, दाढी वाढलेली. डोळे मात्र तेच, ऑफसाइड पकडणारे. “बस,” ते म्हणाले. “गुडघा कसा आहे?”

“चालू आहे, सर.”

“पोरगा चांगला निघाला तुहा. मी पाहिला मोबाइलवर. जवळच्या खांबावर थांबून जाते.” त्यांनी हाताचं बोट अर्ध्या पेराएवढं दाखवलं. “एवढं.”

म्हणजे सरांना ते दिसत होतं! बारा वर्षं दिसत होतं? “मले काहून नाही सांगितलं तुम्ही? मी आधी निघतो म्हणून?”

“सांगितलं होतं गा. दहादा सांगितलं. तुले कुठं ऐकू यायचं? तुले लोकाइचा आवाज पाहिजे होता.” ते जरा हसले, मग कळ आली म्हणून तोंड वाकडं केलं. “गोव्यावाल्यांचं काही आलं का त्याचं?”

धम्मदीपनं खोटं बोलायला तोंड उघडलं. एवढं सोपं होतं ते. पण या माणसापुढे एक खोटं आधीच पडलेलं होतं, त्यावर दुसरं ठेवायला जागाच नव्हती. “आलं,” तो म्हणाला. “सोमवारीच आलं. आज पाचपर्यंत सही पाठवाची आहे. मी नाही केली, सर. मले... होऊन नाही राहिली.”

सरांनी उशीवरची मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. ते आता शिव्या देतील, दिल्या तर बरं होईल, असं धम्मदीपला वाटलं. “पोट जळते ना?” ते म्हणाले. “जळतेच. मी मोहन नगरच्या मैदानावर अकरा वर्षं हाफबॅक खेळलो, मले भंडाऱ्याच्या पुढं कोणी बोलावलं नाही. तुह्यं ते पत्र आलं तं मी घरी येऊन जेवलो नाही. आणि खरं सांगू का? तू परत आला ना, तं मले बरंच वाटलं होतं. लाज वाटली, पण बरं वाटलं.”

“आणि मी तुमचं नाव घेतलं ते?”

“ऐकलं ना मी. दहा पावलांवर तं होतो.”

“मंग काहून नाही सांगितलं कोणाले? एका शब्दाचं काम होतं. काकूले तरी सांगाचं होतं!”

“काय सांगू? पळून आला म्हणून?” सर एकदम चिडले, जुन्या आवाजात. “अबे, पुढच्या रविवारी मॅच होती. मी तसं सांगितलं असतं तं तुले त्या मैदानावर कोणी बॉल देल्ला असता का? हसले असते तुले. मले सेंटर फॉरवर्ड पाहिजे होता.” मग ते दमले. “एकतीस गोल मारले तू त्या साली. मी मॅनेजर होतो ना, धम्मा. मले शिव्या बसल्या तं काय, मी कुठं खेळत होतो?”

खाली रस्त्यावर येऊन धम्मदीप स्कूटरला किल्ली लावून तसाच उभा राहिला. मागचा ऑटोवाला ओरडला तेव्हा निघाला. त्या एकतीस गोलांवर तो तेवीस वर्षं जगत आला होता, आणि ते एकतीसच्या एकतीस म्हाताऱ्यानं आपल्या अब्रूवर उभे करून दिले होते. आता ते सुद्धा त्याचे एकट्याचे राहिले नाहीत. रडू यायला हवं होतं, तर ते येईना. उलट रागच आला, सरांचा, स्वतःचा, आणि फिरून फिरून त्या पोराचा, जो या कशातच नव्हता.

सक्करदऱ्याच्या मैदानावर पोचला तेव्हा सव्वाचार झाले होते. प्रशिक एकटाच आधी आलेला, खांबावर बॉल मारत होता, बॉल परत पायाशी येत होता. धम्मदीपला पाहून तो पळत आला. “जय भीम, सर. काही आलं का?”

धम्मदीपनं बॅग उघडली, स्कूटरच्या सीटवर दाखला ठेवला, सही केली, शिक्का मारला. घाईत शिक्का जरा तिरपा बसला. फोटो काढला, गोव्याच्या पत्त्यावर पाठवला, गेल्याची खूण उमटेपर्यंत पाहत राहिला, आणि मग फोन पोराच्या हातात दिला. “वाच.”

पोरानं वाचलं. मेसेजवरची सोमवारची तारीखही त्यानं वाचली असणार, पण त्याचं तो काही बोलला नाही. खाली वाकून त्यानं धम्मदीपचे पाय धरले, उठला तेव्हा डोळे भरलेले होते. “मले माहीत होतं, सर. माही आई म्हणे, तुह्याही टीमचा मॅनेजर अडवून धरन पाहाय. मी म्हटलं, नाही. ज्याले स्वतःले अडवलं तो दुसऱ्याले नाही अडवत. तुम्ही त्या रुपराव सरासारखे नाही.”

किती गोड वाटलं ते! अंगभर पसरलं. आता नुसतं गप्प राहायचं होतं. पोरगा गोव्याला जाईल, मोठा होईल, कुठल्याशा मुलाखतीत हेच सांगेल, आणि धम्मदीप मेश्राम हे नाव दुसऱ्यांदा मोठं होईल, तेही काही न करता. मैदानाच्या कडेनं बाकीची पोरं सायकली लावत होती. धम्मदीपनं तोंड उघडलं आणि ते उघडताना त्याला पक्कं ठाऊक होतं की आपल्याकडचं शेवटचं काहीतरी आपण आता देऊन टाकतो आहोत.

“सही देल्ली होती त्यांनी,” तो म्हणाला. “मी गेलो होतो कलकत्त्याले. तिथल्या कोचनं मले थांबवून घेतलं होतं. मीच पळून आलो. भेव वाटलं मले. आणि इथं येऊन सरांचं नाव घेतलं.”

पोराच्या चेहऱ्यावरून काहीतरी हळूहळू उतरत गेलं, आणि धम्मदीपनं ते उतरताना पाहिलं, नजर न हलवता. आठ वर्षं त्या चेहऱ्यावर जे होतं ते पुन्हा तिथे येणार नव्हतं. मग पोरगाही घाबरला. पहिल्यांदाच घाबरलेला दिसला तो, गाडीत बसल्या बसल्या झोपणारा तो पोरगा. “सर,” त्यानं खालच्या आवाजात विचारलं, “मंग मले बी तसंच झालं तं? मी बी पळून आलो तं?”

“तं येजो,” धम्मदीप म्हणाला. “सीधा माह्या घरी येजो. मी लोकाइले सांगन का मीच बोलावून घेतलं, मीच नाही सोडलं तुले. पाहिजे तेवढ्या शिव्या देऊ दे मले.”

पोरानं मान हलवली आणि बॉल घ्यायला गेला. धम्मदीपनं शिट्टी काढली, बाकीच्यांना दोन फेऱ्या मारायला लावलं. तो शब्द त्यानं मनापासून दिला होता, जीव गेला तरी पाळला असता. पण आत कुठेतरी दुसरंही एक चाललं होतं आणि ते काही केल्या थांबेना: ये, परत ये, असं ते म्हणत होतं. मैदानाला फेऱ्या मारणाऱ्या पोरांत सगळ्यांच्या पुढे प्रशिक होता, आणि धम्मदीप त्याच्या पायांकडे पाहत टाळ्या वाजवत होता, हात दुखेपर्यंत, जोरजोरात.